मार्गदर्शकाचा रकाना

शहपुरा या नावाची गावे या देशात किती आहेत, याचा हिशेब आमच्याइतक्या आस्थेने दुसऱ्या कोणी ठेवला असेल असे वाटत नाही. राजस्थानात दोन आहेत, दिंडोरी जिल्ह्यात एक आहे, भोपाळ शहरातली एक वस्तीही याच नावाने ओळखली जाते; आणि ज्यांना पिनकोड लिहिण्याचा कंटाळा आहे अशा सज्जनांची पत्रे या सर्व शहपुऱ्यांची यात्रा करून मग योग्य दारी पोचतात. आमचे शहपुरा जबलपूर जिल्ह्यातले. जबलपूरहून इटारसीकडे गाडी निघाली, भेडाघाट मागे पडला, की भिटौनी येते. त्या स्थानकाचे हे गाव. नर्मदा जवळच. हिवाळा आला की सारा मुलूख मटाराने हिरवा होतो, आणि पहाटेपासून पोत्यांनी लादलेल्या गाड्या बाजाराच्या वाटेला लागतात. टपाल खात्यातील एका कारकुनाला याहून अधिक देखावा मागण्याचा अधिकार नाही.

आमचे मूळ घर अमरावतीकडचे. परीक्षा उत्तीर्ण झालो, मध्य प्रदेश सर्कल वाट्याला आले, आणि तेव्हापासून आम्ही नर्मदेच्या पाण्यावर आहोत. घरापासून दूर राहणाऱ्या नोकरदाराचे घरातील स्थान काय असते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. सणावारी त्याची आठवण निघते, आणि एरवी अर्ज भरायचा असला म्हणजे. विम्याचा दावा असो, सातबाऱ्यावरची नोंद असो, भाच्याची शिष्यवृत्ती असो. "दादाला पाठवा, तो सरकारात आहे," असा निर्णय होतो. तेव्हा गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला, त्याचे आम्हांला नवल वाटले नाही.

"दादा, एक फॉर्म पाठवते आहे. तू एकदा बघ. विज्ञान बघू नकोस, रकाने बघ."

बहीण आमची एकोणतीस वर्षांची. जीवरसायनशास्त्रात तिने नुकतीच पीएच.डी. संपवली होती. तिचा विषय मधुमेह. त्यातही गरोदरपणी होणारा मधुमेह आणि त्याचा पोटातल्या मुलावर होणारा परिणाम. हा विषय तिने निवडला की त्याने तिला निवडले, हे सांगणे कठीण आहे. आमचे वडील शाळामास्तर होते. अंगाने इतके शिडशिडीत की शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसे. मधुमेह हा शेटसावकारांचा, पोट सुटलेल्या माणसांचा रोग, अशी आमच्या घरी ठाम समजूत होती. ती समजूत खोटी ठरली तोवर वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. ते एकोणसाठाव्या वर्षी गेले. आम्ही त्या वेळी बी.एस्सी. होऊन पुढे एम.एस्सी.ला नाव घालण्याच्या विचारात होतो. नाव घातले ते स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला. बहीण तेव्हा शाळेत होती.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की बहिणीच्या अर्जाबरोबर आणखी एक कागद होता. एका औषध कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. कायम, चांगल्या पगाराची, महिनाअखेर होकार कळवण्याची. आणि हा अर्ज होता एका फेलोशिपचा. मिळाली तर पाच वर्षे, न मिळाली तर काहीच नाही. मिळूनही सहाव्या वर्षी काय, याचे उत्तर कोणत्याच रकान्यात नव्हते. कायम नोकरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाने यावर जो सल्ला द्यावा तोच आम्ही दिला. "नोकरी घे," म्हणालो. ती म्हणाली, "बरं." त्या एका शब्दात नाराजीचे किती प्रकार मावतात ते आम्ही ती चार वर्षांची असल्यापासून ऐकत आलो आहोत. मग तिने आईची चौकशी केली आणि फोन ठेवला.

रात्री जेवताना सौभाग्यवतीने विचारले, "फॉर्म वाचला का?" वाचला नव्हता, हे कबूल करावे लागले. ती म्हणाली, "तुमच्या वेळी विचारायला कोणी नव्हतं. आता तिला विचारायला तुम्ही आहात, तर तुम्ही न वाचताच सांगता." यावर काही उत्तर नव्हते. आम्ही जेवण संपवून कागद हाती घेतले.

फेलोशिप होती 'इंडिया अलायन्स'ची. हे नाव आमच्याप्रमाणे काही वाचकांनाही नवे असेल. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली जी योजना सुरू केली, ती चालवणारी ही संस्था. हिचे ठाणे हैदराबादला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यास मंजुरी दिली. एकूण १,५०० कोटी रुपये, पैकी १,००० कोटी आपल्या सरकारचे आणि ५०० कोटी वेलकमचे. आकडे मोठे पाहून आम्ही दबकत नाही, रोज दुसऱ्यांचेच पैसे मोजण्याची सवय आहे. परंतु अर्जाच्या मध्यावर एक गोष्ट दिसली आणि तिथे थांबावे लागले. नवख्या संशोधकासाठी असलेल्या या फेलोशिपला केवळ अर्जदार पुरत नाही. त्याच्यामागे एक संस्था लागते, जी त्याला जागा देईल. आणि एक ज्येष्ठ संशोधक लागतो, जो लिहून देईल की या मुलाला, अगर मुलीला, मी शिकवीन. त्याचे पत्र नसेल तर बाकीचे सारे रकाने मोत्यांनी भरले तरी उपयोग नाही.

मग आम्ही चौकशीच्या मागे लागलो. ही आमची खोड आहे. असे दिसले की हा रकाना याच अर्जात आहे असे नाही. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची पीएच.डी.नंतरची राष्ट्रीय फेलोशिप दोन वर्षांची; तिलाही मार्गदर्शक लागतो. २०२३ च्या कायद्याने या मंडळाची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली, पण फेलोशिपचा तो रकाना तसाच राहिला. तिथे वयाची साधारण मर्यादा ३५ वर्षांची. आम्ही स्वतः पस्तिशीच्या उंबरठ्यावर असल्याने हा आकडा जरा जास्तच वेळ पाहिला. अमेरिकेत तर अशा वेतनांची एक मालिकाच आहे. तीत रुग्ण तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी असलेल्या काही वेतनांची अट अशी की त्याच्या कामाच्या वेळेचे शंभरांतले किमान ७५ भाग संशोधन आणि शिक्षण यांसाठीच राखून ठेवले पाहिजेत. आमच्या खात्यात कोणी अशी अट घातली तर काउंटरवर कोण बसेल, हा प्रश्न निराळा.

या रकान्याचे महत्त्व आम्हांला पटले ते पैशामुळे नव्हे, तर पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी आम्हांला जे बडे बाबू लाभले त्यांच्यामुळे. इकडे हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात. रुजू झाल्यावर पंधरवड्यातच संध्याकाळच्या हिशेबात साडेचारशे रुपयांची तूट आली. तूट भरून देणे हा नियम. आणि त्या दिवशी आमच्या खिशात दीडशे रुपये होते. बडे बाबूंनी खिशात हात घातला नाही. ते शेजारी बसले आणि दिवसभराच्या पावत्या एकेक करून आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतल्या. रात्री पावणेनऊला चूक सापडली. एक रक्कम आम्ही दोन ठिकाणी खर्ची टाकली होती. "आता ही चूक तुमची झाली," ते हिंदीत म्हणाले, "पुन्हा तुम्हांला ती दुरून ओळखू येईल." पैसे दिले असते तर आम्ही ते पहिल्या पगारात परत केले असते आणि विसरून गेलो असतो.

असो. विषय बहिणीचा आहे.

मार्गदर्शक हा शब्द आपल्याकडे फार गोड झाला आहे. सत्काराच्या शालीसारखा तो कोणाच्याही खांद्यावर पडतो. वस्तुतः तो रकाना जितका उघडतो तितकाच मिटतोही. याचे सर्वांत बोलके उदाहरण एका मराठी घरातले आणि आमच्याच मध्य प्रदेशात जन्मलेले आहे. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम तऱ्हेने मिळवून त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. तेव्हा प्रवेशाची शंका नव्हती. पण संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, आणि अर्जदार स्त्री होती. अर्ज नाकारला गेला. कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन उभ्या राहिल्या, वाद घातला, हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो एक वर्षाच्या परीक्षेवर, अपमान वाटावा अशा अटींसह.

जगन्मान्य शास्त्रज्ञाने एक रकाना मिटला. पण त्याच संस्थेत श्रीनिवासय्या नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी तो उघडला. शिस्तीला कडक माणूस. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचेही मत पालटले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेल्या सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली, आणि १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परतल्यावर त्यांनी जे केले ते गरिबाच्या ताटाचे विज्ञान होते: कडधान्ये, आणि ताडाची नीरा. शिष्यवृत्तीचे पैसे महत्त्वाचे होतेच, कोण नाही म्हणेल? परंतु ते पैसे घेऊन जायला कमलाबाई शिल्लक राहिल्या, त्याला श्रीनिवासय्या कारण झाले असे आम्हांला वाटते.

मधुमेहाच्या इतिहासातही हेच दिसते. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोच्या विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग नावाचा एक डॉक्टर, आमच्या बहिणीच्याच वयाचा, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्याकडे एक कल्पना घेऊन गेला. मॅक्लिऑड यांना ती फारशी पटली नव्हती. तरी त्यांनी एक खोली दिली, प्रयोगासाठी कुत्री दिली, आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी हाताशी दिला. बँटिंगला त्या उन्हाळ्यात पगार नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. त्यावर बँटिंग इतका संतापला की त्याने आपल्या वाट्याचे अर्धे पैसे बेस्टला दिले, आणि मॅक्लिऑड यांनी आपले अर्धे कॉलिप या चौथ्या सहकाऱ्याला. गुरुशिष्यांचे नाते असे भांडणात गेले. पण ते इन्शुलिन आजही टोचले जाते.

हे सारे वाचत असतानाच आमच्या स्वतःच्या रक्ताचा अहवाल आला. बहिणीच्या आग्रहावरून आम्ही जबलपूरला तपासणी करवून घेतली होती. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१. ५.७ च्या खाली निरोगी, ६.५ पासून रोगी. आम्ही मधल्या धर्मशाळेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीप्रमाणे या देशात दहा कोटी दहा लाख मधुमेही आहेत आणि आमच्यासारखे धर्मशाळेत उतरलेले तेरा कोटी साठ लाख. गर्दी चांगली आहे. पण आम्ही वडिलांसारखेच बारीक; जबलपूरची खोव्याची जिलबी आम्ही महिन्यातून एकदा खातो, तीही कोणी दिली तर. मग हे कोठून आले?

"तेच तर," बहीण फोनवर म्हणाली, आणि तिने आम्हांला याज्ञिकांची गोष्ट सांगितली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डला काम करून परतले, तेव्हा पुस्तकातले मधुमेही आणि ओपीडीतले मधुमेही यांचा मेळ बसेना. पुस्तकातले लठ्ठ आणि उतारवयातले; समोरचे तरुण आणि किडकिडीत. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायकांची पाहणी सुरू केली. गर्भ राहण्यापूर्वीपासून त्यांची वजने, त्यांचे खाणे, त्यांचे रक्त. मुले जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनची मुले ३.५ किलोची. पण बारकाईने मोजल्यावर असे आढळले की आपल्या या लहानग्यांचे स्नायू कमी आहेत, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत आहे. दिसायला बारीक, आतून लठ्ठ. पुढे २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचे उंचीवजनाचे गुणोत्तर सारखेच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२. ते छायाचित्र बहिणीने पाठवले. आम्ही आरशासमोर जाऊन शर्ट काढला, सौभाग्यवती हसली. आम्हांला मात्र खुंटीवरचा दुसरा एक शर्ट आठवत होता.

त्या सहा खेड्यांतली मुले आता मोठी झाली, आणि त्यांची तपासणी त्यानंतरही होत राहिली. असे काम एका माणसाच्या आयुष्यात पुरे होत नाही. म्हणजे ते कोणाच्या तरी हाती द्यावे लागते, आणि देण्यापूर्वी तो हात घडवावा लागतो. गरोदर बाईचे रक्त कोणत्या वेळी घ्यावे, ती उपाशी आली असेल तर काय करावे, सासूने नको म्हटले तर कोणत्या शब्दांत बोलावे, हे कोणत्याही ग्रंथात नाही. ते शेजारी बसून शिकावे लागते.

इकडे रकाना रिकामाच होता. बहिणीने एका ज्येष्ठांना लिहिले. तीन आठवडे उत्तर नाही. दुसऱ्यांनी भेटीस बोलावले आणि पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा. ही हकीगत तिने हसत सांगितली. आम्हांला १९३३ सालचे बंगळूर आठवले आणि हसू आले नाही. तिसऱ्या एक बाई होत्या, निवृत्तीला सहासात वर्षे उरलेल्या. त्यांनी तिचा आराखडा वाचला, दोन तास बसवून ठेवले, आणि म्हणाल्या, "हे असं चालणार नाही. पण शनिवारी या." चार शनिवार झाले. पाचव्या शनिवारी त्यांनी पत्र लिहून दिले.

कंपनीची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. बहिणीने फोन केला, पण या वेळी काही विचारले नाही. नुसती गप्प राहिली. आम्हीच म्हणालो, "कंपनीला नको म्हणून कळव." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आईला हे सांगण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पेन्शन आहे का त्यात?" नाही म्हणालो. ती देवापुढची निरांजने घासत बसली. अजूनही ती याविषयी बोलत नाही, आणि तिचे चुकते असे आम्हांला म्हणवत नाही.

अर्जातल्या खर्चाच्या तक्त्याची जबाबदारी मात्र बहिणीने आमच्यावर टाकली होती. रसायने, नळ्या, शीतकपाट, खेड्यांत जाण्यायेण्याचा खर्च, पाच वर्षांचे पाच उभे रकाने. आम्ही दोन रात्री बसून बेरजा तपासल्या, खाली पेन्सिलीने 'बरोबर' असे लिहिले आणि परत पाठवले. नंतर बाईंनी तपासलेली प्रत बहिणीने मुद्दाम टपालाने आम्हांला धाडली. पत्त्यावर तिने 'शहपुरा, म. प्र.' एवढेच लिहिले होते, पिनकोड नाही. टपाल कारकुनाची बहीण! पाकीट दिंडोरीच्या शहपुऱ्याचा शिक्का घेऊन नवव्या दिवशी आमच्याच टेबलावर आले. आत पानोपानी बारीक अक्षरांत शेरे. तक्त्याच्या पानावर, आमच्या 'बरोबर'च्या शेजारी, तांबड्या शाईत लिहिले होते: "तिसऱ्या वर्षाचा प्रवासखर्च दोन ठिकाणी धरला आहे. पुन्हा पाहा."

अर्ज गेला आहे. आधी प्राथमिक छाननी, मग सविस्तर अर्ज, मग मुलाखत. निकालाला अवकाश आहे. त्या दिवशी कचेरी बंद झाल्यावर आम्ही दिवा लावून तो रकाना वरून खाली, मग खालून वर, असा तीनदा मोजला. बाई बरोबर होत्या.